खिळ्यात न मावलेले अक्षर

मॅक संगणकावर कोरे पान उघडावे, फाँटच्या यादीतून ‘झाप्फिनो’ निवडावा आणि त्याच फाँटचे नाव रोमन लिपीत टाइप करू लागावे. झेड, ए, पी, एफ, आय, एन ही सहा अक्षरे मुकाट्याने येऊन बसतात. सातवा ओ पडला, की सगळा शब्द एकदम कूस बदलतो. सुटी अक्षरे जाऊन तिथे एकच सलग आकृती उभी राहते, कुणी टाकाने एका दमात स्वाक्षरी ठोकावी तशी. ओ खोडला, की पुन्हा सुटी अक्षरे हजर.

यात जादू काही नाही. फाँट बनवणाऱ्यांनी या एका शब्दासाठी वेगळी जोडआकृती आखून ठेवली आहे. सात अक्षरे त्याच क्रमाने आली की ती बसवायची, असा नियम फाँटच्या पोटात लिहिलेला आहे. करामत गमतीची खरी, पण सुलेखनाच्या वळणाच्या फाँटची सगळी कथा तिच्यात सामावली आहे. हाताने लिहिणारा माणूस कोणतेच अक्षर दोनदा तंतोतंत सारखे काढत नाही. पुढे काय यायचे आहे ते पाहून तो मागच्या अक्षराचे शेपूट लांबवतो किंवा आखडते घेतो. छपाईला मात्र तेच अक्षर हजार वेळा जसेच्या तसे लागते. ज्यांना स्क्रिप्ट फाँट म्हणतात, ते या दोन उलट्या गरजांमधला समझोता आहेत. तो कसा झाला हे कळले, की असा फाँट कुठे शोभेल आणि कुठे नडेल हे बरेचसे आपोआप उमगते.

दोन लेखण्या, दोन घराणी

लपेटदार रोमन अक्षरांची दोन घराणी आहेत आणि ती लेखणीच्या टोकावरून ओळखता येतात. पहिले घराणे कटनिबचे. या निबचे टोक सपाट कापलेले असते आणि लिहिणारा ते साधारण एकाच कोनात धरून ठेवतो. हात एका दिशेने गेला की रेघ जाड पडते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. जोर द्यावा लागत नाही, जाडी दिशेतूनच येते. युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकात पोपच्या कचेरीतले लेखनिक याच वळणाने झरझर लिहीत. लुडोविको आरिगी हा त्यांच्यापैकीच एक. हे वळण लोकांना शिकवण्यासाठी त्याने रचलेल्या ‘ला ऑपेरिना’ या छोट्या पुस्तकावर १५२२ हे साल आहे. पुस्तक लाकडी ठशांवरून छापले गेले, कारण हाताचे वळण जसेच्या तसे दाखवायचे तर पान अख्खे कोरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दुसरे घराणे टोकदार, लवचीक लेखणीचे. वर जाताना हात हलका, खाली येताना दाब. दाबाने टोकाची दोन पाती फाकतात, शाई जास्त उतरते आणि रेघ फुगते. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडचा व्यापार वाढला, तसे हिशेब आणि पत्रे लिहिणारे कारकून हवे झाले. ‘राउंड हँड’ नावाचे गोलसर, उजवीकडे कललेले, लेखणी फारशी न उचलता लिहायचे वळण त्या काळात मान्यता पावले. लंडनचा लेखनशिक्षक चार्ल्स स्नेल याचे कित्त्याचे पुस्तक १६९४ सालचे. पुढे जॉर्ज बिकम याने २५ लेखनगुरूंची अक्षरे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा २१२ पानी संग्रह १७३३ ते १७४१ या काळात टप्प्याटप्प्याने काढला. कोरणीची रेघ लेखणीच्या रेघेहूनही नाजूक निघते. छापील कित्ता पाहून शिकणाऱ्यांनी तोच नाजूकपणा पुन्हा लेखणीतून काढायचा ध्यास घेतला. या वळणाला पुढे ‘कॉपरप्लेट’ हे नाव चिकटले ते या तांब्याच्या पत्र्यांमुळे.

समोरचा फाँट कोणत्या घराण्याचा, हे ओळखायला इंग्रजी ओ पाहावा. कटनिबच्या ओमध्ये बारीक जागा डोक्यावर आणि तळाशी बरोबर मधोमध नसतात, त्या जरा तिरप्या सरकलेल्या असतात. टोकदार लेखणीच्या ओमध्ये उतरती बाजू सावकाश फुगत जाते आणि चढती बाजू केसासारखी राहते. झाप्फ चान्सरी, पोएटिका आणि झाप्फिनो हे फाँट पहिल्या घराण्यातले. स्नेल राउंडहँड, एडवर्डियन स्क्रिप्ट आणि बिकम स्क्रिप्ट दुसऱ्यातले. शेवटच्याचे नाव त्या कोरणाऱ्या बिकमवरूनच आले आहे. स्वभावातही फरक आहे. पहिले घराणे पुस्तकात रमणारे, मोकळ्या हाताचे. दुसरे समारंभी, दरबारी, इस्त्रीच्या कपड्यांतले. कामासाठी फाँट निवडताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा. कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठाला जो चालेल, तो मेजवानीच्या निमंत्रणाला चालेलच असे नाही.

शिशाची चौकट

हाताची ही वळणे छापखान्यात आणायची तर आडवा येत होता तो खिळा. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा तो चौकोनी ठोकळा. त्याच्या माथ्यावर उलटे अक्षर. जुळारी असे ठोकळे ओळीने लावी. अक्षराला जी काही ऐट करायची ती त्या चौकोनाच्या आत. एखादे शेपूट चौकोनाबाहेर, शेजारच्या ठोकळ्याच्या माथ्यावर न्यायचे, तर त्याला खालून आधार नाही. दाब बसला की ते तुटणार. देवनागरी खिळे पाडणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक होती. वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर झुकल्याशिवाय राहत नाहीत, आणि नेमके तेच भाग आधी झिजत किंवा मोडत.

राउंड हँडची पंचाईत आणखी मोठी. त्यात प्रत्येक अक्षर पुढच्याला केसाएवढ्या रेघेने जोडलेले. दोन खिळ्यांच्या मध्ये जराशी फट राहिली तरी जोड तुटलेला दिसतो. शिवाय अक्षरे कललेली आणि ठोकळे उभे. पॅरिसच्या फिर्मँ दिदो याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिरप्या कडांचे खिळे पाडून यावर तोड काढली. पण असे खिळे महागडे, आणि जुळवायला किचकट.

चौकट खऱ्या अर्थाने मोडली ती फोटोटाइपसेटिंगने. त्यात अक्षर फिल्मवर असते आणि प्रकाशाने कागदावर उमटते. मध्ये धातू नाही, त्यामुळे एक अक्षर दुसऱ्यावर कितीही चढले तरी काही मोडत नाही. १९६५ साली न्यूयॉर्कच्या लिनोटाइप कंपनीत मॅथ्यू कार्टर हा तरुण इंग्रज अक्षरकार दाखल झाला. नव्या यंत्राला जमते पण खिळ्यांना जमत नव्हते असे काय करून दाखवावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याने चार्ल्स स्नेलचे वळण घेतले आणि १९६६ मध्ये स्नेल राउंडहँड तयार झाला. प्रत्येक अक्षराची बाहेर पडणारी रेघ पुढच्या कोणत्याही अक्षराच्या सुरुवातीशी बरोबर मिळावी, अशी त्याची आखणी आहे. हाच कार्टर पुढे पडद्यावर वाचायच्या जॉर्जिया आणि व्हर्डाना या अगदी साध्या, कामसू फाँटांचा कर्ता म्हणून जगभर पोचला.

१९४४चे पान, १९९८चा फाँट

झाप्फिनोचा कर्ता हेरमान झाप्फ. जन्म १९१८, जर्मनीतले न्यूरेंबर्ग. त्याला विजेचा अभियंता व्हायचे होते, पण कामगार संघटनेत असलेल्या वडिलांवर नाझी राजवटीची खप्पामर्जी झाली आणि मुलाला शिक्षणाची ती वाट बंद झाली. तो एका छापखान्यात छायाचित्रे सुधारण्याचे काम शिकू लागला. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गला रुडॉल्फ कोख या आदल्या वर्षी वारलेल्या अक्षरकाराच्या कामाचे प्रदर्शन भरले. ते पाहून झाप्फने कोखचे आणि इंग्लंडच्या एडवर्ड जॉन्स्टनचे अशी सुलेखनाची दोन पुस्तके मिळवली आणि गुरूशिवाय कटनिब चालवायला शिकला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात नकाशे काढणारा होता. भिंगाशिवाय एक मिलिमीटर उंचीची अक्षरे लिहिण्याइतकी त्याची नजर तेज होती. त्या काळात त्याच्यासोबत एक चित्रवही असे. तिच्यात १९४४ साली त्याने मोकळ्या हाताने एक पान लिहिले.

युद्धानंतर तो फ्रँकफर्टच्या श्टेंपेल या खिळे पाडणाऱ्या कारखान्यासाठी काम करू लागला. तिथे त्याने पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे फाँट केले. १९४८ च्या सुमारास त्याने लपेटदार वळणाचा एक टाइपही करून पाहिला, पण लांब शेपटे धातूच्या चौकटीत छाटावी लागली आणि हाताचा वेग गेला. चित्रवहीतले पान तसेच पडून राहिले.

पुढची तीन-चार दशके झाप्फ यंत्राच्या बदलांवर डोळा ठेवून होता. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे त्याने अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये संगणकावरील अक्षरजुळणी हा विषय शिकवला. स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ याच्यासोबत गणिताच्या छपाईसाठी ऑयलर हा अक्षरसंच केला. त्या कामातला डेव्हिड सीगल हा विद्यार्थी १९९३ मध्ये एक कल्पना घेऊन झाप्फकडे आला. एकेका अक्षराची अनेक रूपे करायची आणि त्यांतले कोणते कुठे बसवायचे ते संगणकाच्या प्रणालीने ठरवायचे. झाप्फला १९४४चे पान आठवले. काम सुरू झाले, पूर्ण होत आले आणि सीगल मध्येच बाजूला झाला. रखडलेला प्रकल्प झाप्फने शेवटी लिनोटाइप कंपनीपुढे मांडला, तिने तो नव्याने बांधला आणि १९९८ मध्ये झाप्फिनो बाजारात आला. तेव्हा झाप्फ ऐंशीच्या घरात होता.

मुळात चार वर्णमाला, वर जोडअक्षरे आणि नक्षी, असा तो संच होता. पुढे ॲपलने मॅकच्या प्रणालीसोबत दिलेल्या आवृत्तीत १,४०० हून अधिक आकृत्या होत्या. २००३ मध्ये अकिरा कोबायाशी या जपानी अक्षरकाराच्या साहाय्याने झाप्फने ‘झाप्फिनो एक्स्ट्रा’ केला आणि त्याच्यासोबत ‘फोर्टे’ हे जरा ठळक रूपही दिले. २०१४ मध्ये लेबनॉनच्या नादीन शाहीन यांनी ‘झाप्फिनो अरेबिक’ तयार केला. झाप्फ २०१५ मध्ये ९६ व्या वर्षी वारला.

दिसतो कसा

झाप्फिनोत लिहिलेल्या ओळीत पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती उंची-खोलीची तफावत. ए, ई, एन, ओ यांसारख्या लहान अक्षरांचे पोट अगदी छोटे. पण एल, एच, डी यांचे दांडे वर दूरवर जातात आणि जी, वाय, एफ यांची शेपटे खाली तितकीच खोल उतरतात. म्हणजे ओळीचा गाभा चिंचोळा आणि वर-खाली हालचाल भरपूर. अक्षरे पुढे झुकलेली आहेत, पण एका ठरावीक कोनात शिस्तीने नव्हे. काही जोडलेली, काही नुसती जवळ आलेली. राउंड हँडमधली अखंड साखळी इथे नाही. झाप्फने लेखणी उचललेली दिसू दिली आहे.

वेगाचा भास येतो तो रूपांच्या निवडीतून. एकाच शब्दात दोन टी किंवा दोन एल शेजारी आले, तर दोन्ही सारखे दिसू नयेत म्हणून दुसरे रूप बसते. शब्दाच्या शेवटी येणारे अक्षर बाहेर लांब झेप घेऊ शकते, मध्ये येणारे अंग चोरते. हा सगळा निवाडा आजच्या फाँटमध्ये ओपनटाइपसारख्या रचनेतल्या नियमांनी होतो. मायक्रोसॉफ्ट आणि ॲडॉबी या कंपन्यांनी ती रचना १९९६ मध्ये जाहीर केली होती. नियम काही निवडी आपण होऊन करतात, पण सगळ्यांत उमद्या आकृत्या मात्र वापरणाऱ्याने ग्लिफच्या, म्हणजे फाँटमधल्या सगळ्या आकृत्या दाखवणाऱ्या, खिडकीत जाऊन स्वतः उचलायच्या असतात. अनेकांना ही खिडकीच ठाऊक नसते. त्यामुळे शेकडो रूपांचा फाँट हाती असून सारखे एकच रूप वापरले जाते आणि हाताने लिहिल्याचा आभास मावळतो.

कुठे शोभतो

अशा फाँटमध्ये मजकूर वाचायला वेळ लागतो. रोजच्या वाचनात डोळे शब्दातली अक्षरे एकदमच टिपतात आणि त्या अक्षरांचे आकार सवयीचे असल्याने नजर पुढे सरकते. लपेटदार वळणात ते आकार सवयीचे राहत नाहीत, म्हणून नजर अडखळते. जिथे वाचकाने अडखळावे, थबकून पाहावे असेच वाटते, तिथे हा फाँट हुकमी काम करतो. जिथे भरभर पुढे जायचे आहे, तिथे तो छळ आहे.

म्हणून त्याची खरी जागा एक ते पाच-सहा शब्दांची. निमंत्रणावरची वधूवरांची नावे, सन्मानपत्राचा मथळा आणि मानकऱ्याचे नाव, अत्तराच्या बाटलीवरचे लेबल, संगीताच्या मैफलीची पत्रिका, पुस्तकातल्या प्रकरणाचे पहिले अक्षर, अर्पणपत्रिकेची ओळ. यातला बहुतेक मजकूर वाचणाऱ्याला आधीच ठाऊक किंवा अपेक्षित असतो, हे विशेष. लग्नाच्या पत्रिकेत नाव असणारच, सन्मानपत्रावर ‘सन्मान’ असणारच. ओळखीचा शब्द कितीही लपेटला तरी कळतो. उलट पत्ता, वेळ, फोन क्रमांक, औषधाचे प्रमाण, भाड्याच्या अटी यांत वाचकाला अंदाज बांधता येत नाही. तिथे एकेक अक्षर स्पष्ट हवे. निमंत्रणपत्रिकेत नावांना स्क्रिप्ट आणि कार्यस्थळाला साधा, उभा फाँट, ही वाटणी या कारणाने योग्य ठरते. शेजारचा फाँट जितका शांत, तितका स्क्रिप्ट उठून दिसतो. दोन स्क्रिप्ट एकाच पत्रिकेवर आले की दोघेही पडतात.

सगळा शब्द मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये टाइप करणे, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. स्क्रिप्टमधले मोठे अक्षर शब्दाच्या दारात एकटे उभे राहण्यासाठी आखलेले असते. त्याला डावीकडे झेप घ्यायला मोकळी जागा लागते. अशी आठ अक्षरे ओळीने उभी केली, की एकाची लपेट दुसऱ्याच्या पोटात शिरते आणि नाव वाचताच येत नाही. दुसरी चूक अक्षरांतले अंतर वाढवण्याची. राउंड हँडमध्ये असे केले की जोड तुटतात आणि अर्धवट रेघा हवेत लोंबकळतात. तिसरी, जागा भरायला शब्द आडवा ओढण्याची. त्यात उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि कोणत्याही लेखणीने न निघणारा आकार तयार होतो. संगणकाच्या बटणाने केलेला ठळकपणाही असाच. तो बारीक रेघही फुगवतो, आणि बारीक-जाड हा भेदच तर या फाँटचा प्राण. ठळक हवा असेल तर मुळातच ठळक आखलेले रूप घ्यावे. ‘फोर्टे’ त्यासाठीच केला गेला.

फाँट फार मिळाल्यानेही बिघडतो. झाप्फचाच झाप्फ चान्सरी १९७९ मध्ये आला आणि १९८६ च्या लेझररायटर प्लस या प्रिंटरमध्ये मुळातच भरून दिला गेला. परिणामी दुकानाची सूचना, शाळेचे परिपत्रक, हॉटेलचे मेन्यूकार्ड, जिकडेतिकडे तोच दिसू लागला. अक्षरात खोट नव्हती, पण प्रत्येक कामाला तोच वापरल्याने त्याचा खासपणा उतरला. आज झाप्फिनो आणि स्नेल राउंडहँड दोन्ही आयफोन आणि मॅकवर आयते मिळतात, तेव्हा तोच धोका त्यांनाही आहे.

छापताना

पडद्यावर देखणा दिसणारा स्क्रिप्ट छापून आल्यावर फिका का पडतो, याचे उत्तर बहुधा केसाएवढ्या रेघांत असते. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ ऑफसेटवर भरवशाने उमटत नाही. फाँट लहान केला की त्याच्या बारीक रेघा आणखी बारीक होतात आणि ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आकाराचा आकडा मात्र फसवा असतो, कारण एकाच पॉइंटमध्ये वेगवेगळे स्क्रिप्ट फार वेगळे मोठे दिसतात. छापील नमुना काढून सर्वांत बारीक रेघ डोळ्यांनी तपासणे हाच पक्का उपाय.

रंगाचाही प्रश्न आहे. तपकिरी किंवा किरमिजी रंग चार शाया मिसळून काढला, तर त्या चारही शाया केसाएवढ्या रेघेवर अचूक एकमेकींवर बसाव्या लागतात. जरा सरकल्या की रेघेला रंगीत सावली येते. अशा कामाला एकच तयार शाई, म्हणजे स्पॉट कलर, बरा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवायची असतील तर आणखी जपावे लागते, कारण भोवतालची शाई पसरून बारीक रेघ गिळते. खडबडीत हातकागद शाई शोषतो, तिथे नाजूक राउंड हँडपेक्षा कटनिबच्या घराण्यातला जरा भरदार फाँट टिकतो. सोनेरी फॉइलचा ठसा मारायचा असेल तर दोन रेघांमधली बारीक फट बुजते का, ते ठसा करण्याआधी विचारून घ्यावे.

फाइल देताना एक काम न विसरता करावे. आपल्या संगणकावरचा फाँट छपाईवाल्याकडे असेलच असे नाही. म्हणून अक्षरे कर्व्ह करून पाठवावीत, म्हणजे ती फाँट न राहता नुसत्या आकृत्या होतात आणि निवडलेली रूपे बदलत नाहीत. कर्व्ह केल्यावर स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही, तेव्हा नावे आधी घरच्यांकडून वाचून घ्यावीत. शेपटांसाठी मजकुराच्या चौकटीभोवती मोकळी जागा ठेवावी. नाहीतर पानाच्या कडेला ती छाटली जातात.

देवनागरीचे काय

मराठी मजकूर निवडून त्याला झाप्फिनो लावला तर काहीच घडत नाही. त्या फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून संगणक गुपचूप आपल्याकडचा दुसरा देवनागरी फाँट वापरतो. एकाच पत्रिकेवर इंग्रजी नाव लपेटदार आणि मराठी नाव रोजच्या सरकारी वळणात, असा विजोड मामला अनेकदा यातूनच होतो.

जोडी जुळवायची तर लेखणीचा विचार करावा लागतो. रोमन कटनिबचा आणि आपल्या बोरूचा कल उलट असतो. म्हणून रोमनमध्ये ज्या तिरप्या दिशेने रेघ जाड पडते, त्याच दिशेने ती देवनागरीत बारीक होते. रोमन स्क्रिप्टचे जाड-बारीक उचलून देवनागरीवर चढवले की अक्षर परके दिसते, आणि का ते पटकन सांगता येत नाही. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेल्या ‘यात्रा वन’ या फाँटमध्ये उलटा मार्ग घेतला आहे. त्यातल्या रोमन अक्षरांनाच देवनागरी लेखणीचा कोन दिला आहे. दोन लिप्या एका पत्रिकेवर नांदवायच्या असतील तर ही रीत शिकण्याजोगी.

झुकवण्याचाही मोह आवरावा. रोमन लिपी वेगाने लिहिताना उजवीकडे कलते आणि खालच्या अंगाने जोडली जाते. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली, तिचा जोड वर आहे. तिला यंत्राने तिरपे केले तर शब्द घसरल्यासारखे वाटतात. वेगाने लिहायची आपली वाट वेगळी होती. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा आखून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरे सोडत जाई. बाळबोध अक्षरांतले कोन मोडून तिथे गोलाई आली ती या वेगापायी. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे तिचे फाँट करायला तांत्रिक आधारही आता आहे.

तंत्र तर मराठीला नवे नाहीच. क, हलन्त आणि ष टाइप केल्यावर ‘क्ष’ उमटतो, तो ओपनटाइपच्या नियमांनीच. शेजारचे अक्षर पाहून रूप बदलणे ही स्क्रिप्ट फाँटची ऐट असली, तरी देवनागरीत ती रोजची गरज आहे. चांगल्या देवनागरी फाँटमध्ये पहिल्या वेलांटीची कमानही व्यंजनाच्या रुंदीप्रमाणे लहान-मोठी निवडली जाते. हीच सोय पुढे नेऊन शब्दाच्या अखेरचा काना वेगळा, ओळीच्या अखेरची वेलांटी लांब, दोन ‘त’ शेजारी आले तर दुसरा निराळा, असे नियम लिहिता येतात. झाप्फिनोकडून घ्यायची ती ही रीत. लपेट आणि वळण मात्र बोरूतूनच यावे लागेल, आणि त्याचे कित्ते मोडीच्या दप्तरांत आहेत.